आरएक्स-८ साठी कॉइल अपग्रेड: पॉवरसाठी घेत असाल तर राहू द्या

आधी निकाल सांगतो, ज्यांना घाई आहे ते इथेच सुटतील. माझदा आरएक्स-८ स्टॉक आहे, म्हणजे कंपनीतून आली तशीच, रोज ऑफिसला नेता, तर कंपनीची ओरिजिनल चार इग्निशन कॉइल्स (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारे भाग), सोबत नवे प्लग आणि नव्या वायर, विषय संपला. गाडी अजून बरीच वर्षं ठेवायचीये, अधूनमधून ट्रॅकवर नेता, किंवा पुढेमागे टर्बो बसवायचा किडा डोक्यात वळवळतोय, तर जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) ट्रकमधली एलएस कॉइल्स बसवायचं किट घ्या. आणि ते चार कॉइल्सचा सेट शंभर डॉलरच्या आत, उद्या घरपोच, असं जे ऑनलाइन दिसतं ना, ते फुकट दिलं तरी घेऊ नका. तिन्ही प्रकार माझ्या एकाच गाडीवर बसून गेलेत म्हणून एवढ्या खात्रीने बोलतोय.

मी डेट्रॉइटच्या बाजूला राहतो. पुण्यातून चिंचवड-चाकणच्या कंपन्यांमधून इकडे आलेली मराठी पब्लिक इथे भरपूर आहे, मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत निम्म्या गप्पा गिअरबॉक्स आणि सस्पेन्शनवरच्या असतात, त्यामुळे जुनी आरएक्स-८ घेतली म्हटल्यावर तिथे मला जेवढे सल्ले मिळाले तेवढे लग्न ठरल्यावरही मिळाले नव्हते. बहुतेकांचं म्हणणं एकच, अरे ते रोटरी इंजिन आहे, तेल पितं, पेट्रोल पितं, सील जातात, कशाला लफड्यात पडतोस. बरोबरच आहे त्यांचं. पण ९००० आरपीएमला सुईसारखं सरळ पळत जाणारं इंजिन एकदा चालवलं की माणूस ऐकत नाही.

आता ज्यांना रोटरी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण हे कळलं नाही तर कॉइलवर पैसे का घालायचे हेच कळणार नाही. आरएक्स-८ मध्ये पिस्टन नाहीत, दोन तिकोनी रोटर आहेत, प्रत्येकी ६५४ सीसी म्हणजे कागदावर १.३ लिटर. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग, खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग, कारण रोटरीची ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी असते आणि ती जागा पुढे पुढे सरकत असते, एका ठिणगीने सगळं मिश्रण नीट पेटत नाही. (१९९१ ला ले मान्सची शर्यत जिंकलेल्या माझदाच्या ७८७बी रेसकारला तर रोटरमागे तीन प्लग होते.) तर दोन रोटर, चार प्लग, चार स्वतंत्र कॉइल्स. खरी गंमत पुढे आहे. आपल्या नेहमीच्या फोर स्ट्रोक इंजिनमध्ये एका सिलिंडरचा प्लग क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. रोटरीत शाफ्टच्या प्रत्येक फेरीला एकदा. म्हणजे ९००० आरपीएमला एका कॉइलला मिनिटाला ९००० ठिणग्या द्याव्या लागतात, त्याच आरपीएमला पिस्टनवाल्या गाडीची कॉइल ४५०० देऊन मोकळी. वेळेच्या भाषेत सांगायचं तर एका ठिणगीपासून दुसरीपर्यंत जेमतेम ६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यातच कॉइल चार्ज व्हायची, ठिणगी टाकायची आणि परत चार्जला लागायची. वर इंजिनला खेटून असलेल्या ब्रॅकेटवर बसलेली, म्हणजे खालून उष्णता, आतून उष्णता. टिकेल कशी.

म्हणून आरएक्स-८ वाली अनुभवी मंडळी कॉइलला पार्ट समजतच नाहीत, प्लग-फिल्टरसारखी वापरून संपणारी वस्तू समजतात आणि ३०,००० मैलांच्या आसपास चारही बदलून टाका म्हणतात. माझदाने सुद्धा मूळ कॉइल पुढे सुधारत नेली, पार्ट नंबर एन३एच१-१८-१०० आणि त्याच्या शेवटी ए, बी, सी असं अक्षर वाढत गेलं. आज नवीन घ्यायची तर शेवटी सी असलेलीच घ्या, कोणी जुन्या स्टॉकमधली बिनअक्षराची स्वस्तात देत असेल तर त्याला नमस्कार करा.

बरं, कॉइल थकली हे ओळखायचं कसं? इथेच लोक फसतात. एका रोटरला दोन प्लग असल्यामुळे एक कॉइल अर्धमेली झाली तरी गाडी चालू राहते, चेक इंजिनचा दिवा सुद्धा लागेलच असं नाही. फक्त गाडी जरा सुस्त वाटते, वरच्या आरपीएमला गुळगुळीतपणा जातो, आयडलला किंचित थरथर, मागून कच्च्या पेट्रोलचा वास, मायलेज आधीच बेकार ते अजून बेकार. आपल्याकडचा मेकॅनिक दोन सेकंद कान देऊन सांगेल की गाडी मिसिंग मारतेय. दिवा लागला आणि कोड पी०३०१ किंवा पी०३०२ आला तर तो अनुक्रमे पहिल्या आणि दुसऱ्या रोटरचा मिसफायर (मिश्रण न पेटणं), आणि दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि घरी जा, कारण तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या भागाची) होळी चालू असते.

हे कन्व्हर्टरचं प्रकरण नीट समजून घ्या, खरा खर्च तिथे आहे. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं, कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, कन्व्हर्टर लाल होतो, आतली जाळी वितळते, वितळून वाट बुजते, मग एक्झॉस्टला बाहेर पडायला जागा नाही, गरम गॅस इंजिनातच कोंडतो, आणि रेनेसिस, म्हणजे आरएक्स-८ च्याच, इंजिनचे एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या भिंतींत असल्यामुळे ती सगळी उष्णता सीलांना भाजते. मग कॉम्प्रेशन (मिश्रण दाबायची ताकद) जातं, मग इंजिन जातं. एका कॉइलपासून सुरू झालेली गोष्ट रिबिल्डच्या बिलावर संपते. अमेरिकेत माझदाला सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांसाठी इंजिनच्या गाभ्याची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,००,००० मैल अशी वाढवून द्यावी लागली होती, सगळी इंजिनं काही कॉइलमुळे गेली नाहीत, पण या गाड्या किती नाजूक हातांनी सांभाळाव्या लागतात ते त्यावरून कळावं.

आता एक कळकळीची विनंती. कॉइल ऑर्डर करायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, आणि ती सुद्धा रोटरीच्या टेस्टरवर, जो रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे दाखवतो. साध्या गेजवर काही कळत नाही. गाडी गार असताना पटकन चालू होते पण गरम झाल्यावर बंद करून परत चालू करताना स्टार्टर मारत बसावं लागतं, तर संशय कॉम्प्रेशनवर घ्या, कॉइलवर नाही. मेलेल्या इंजिनावर भारी कॉइल्स लावून फोटो टाकणारे लोक मी पाहिलेत, काय बोलणार.

तर पहिला सेट. गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने नुकतीच कॉइल्स बदललीत म्हणून कौतुकाने बिल दाखवलं होतं, किमतीत पण ते धरलं होतं. ऑनलाइन मिळणारा, नाव कधी ऐकलं नाही असा ब्रँड, चार कॉइल्स, वर लाल रंगाची टोपी आणि 'परफॉर्मन्स' असं लिहिलेलं. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण तोच माल वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या रंगांत विकला जातो, आज एक नाव लिहिलं तर उद्या दुसऱ्या नावाने दिसेल. गार गाडीवर एकदम झकास. पंधरा-वीस मिनिटं हायवेला नेली, इंजिनखाली सगळं तापलं, की ६००० च्या वर गाडी अडखळायला लागायची. टायमिंग लाइट घेऊन एकेक वायरला क्लिप लावून बघितलं, लीडिंगच्या एका वायरवर लाइट मध्येच लुकलुकणं सोडून द्यायचा, परत यायचा. ही टेस्ट कोणीही घरी करू शकतो, टायमिंग लाइट फार महाग नसतो, फक्त टेस्ट गाडी पूर्ण गरम झाल्यावर करा, गारवर सगळ्या कॉइल्स सज्जन असतात. काढल्यावर पाहिलं तर दोन कॉइल्सच्या खालचं भरलेलं इपॉक्सी तडकलेलं. या सेटला मार्क शून्य, आणि वर पाच तारे देणारे सगळे रिव्ह्यू वाचा, बसवल्याच्या दिवशी लिहिलेले असतात.

दुसरा सेट ओरिजिनल, शेवटी सी वाला, डीलरकडूनच मागवलेला. सोबत एनजीकेचे प्लग, लीडिंगला आरई७सी-एल आणि ट्रेलिंगला आरई९बी-टी, आणि नव्या वायर. याबद्दल लिहायला फार काही नाही आणि तीच त्याची तारीफ आहे. बसवला, चालू केली, गाडी सरळ झाली. आयडल स्थिर, ९००० पर्यंत एकसंध, बझर वाजेपर्यंत कुठे अडखळ नाही. लोक अपग्रेड अपग्रेड करतात तेव्हा त्यांना जो 'जबरदस्त फरक' जाणवतो ना, तो निम्म्या वेळा एवढाच असतो की मेलेल्या कॉइल्स काढून जिवंत कॉइल्स लावल्या. ओरिजिनल लावली असती तरी तेवढाच फरक पडला असता. फक्त तोटा माहीतच आहे, मैल मोजत बसायचं आणि वेळ झाली की परत चार कॉइल्सचे पैसे.

आणि इथे त्या व्होल्टच्या जाहिरातींबद्दल बोलायलाच हवं. '४०,००० व्होल्ट', '६०,००० व्होल्ट', 'डबल स्पार्क, १५ हॉर्सपॉवर जास्त'. कॉइल ४०,००० व्होल्ट देऊ शकते म्हणजे प्लगवर ४०,००० व्होल्ट पोचतात असं नाही. व्होल्टेज चढत जातं आणि प्लगची फट ज्या व्होल्टेजला फुटते तिथे ठिणगी पडते, त्याच्या वर जायचा प्रश्नच येत नाही. फट किती, आतला दाब किती, यावर ते ठरतं. स्टॉक आरएक्स-८ मध्ये टर्बो नाही, दाब मर्यादित, चांगली ओरिजिनल कॉइल ते काम आरामात करते. आणि मिश्रण एकदा व्यवस्थित पेटलं की मोठ्या ठिणगीने ते जास्त पेटत नाही, काडीने शेगडी पेटवली काय आणि मशालीने पेटवली काय, वरण तेवढ्याच वेळात शिजणार. पॉवर वाढते ती मिसफायर होत असेल आणि तो थांबला तर. टर्बोवर मात्र गणित बदलतं, दाब वाढला की तीच फट फोडायला जास्त व्होल्टेज लागतं, तिथे दुबळी कॉइल चक्क विझते, तेव्हा ताकदवान कॉइल ही चैन नाही, गरज आहे.

त्याच कारणाने एमएसडीसारखे मल्टिस्पार्कचे डबे पण या गाडीवर मला पटत नाहीत. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या व्ही-८ वर ते छान, पण एकापाठोपाठ अनेक ठिणग्या देण्याचा त्यांचा गुण साधारण ३००० आरपीएमच्या खालीच कामाला येतो, वर एकच ठिणगी देतात. ज्या गाडीची सगळी मजा ६००० च्या पुढे आहे तिला तो डबा कशाला.

तिसरा सेट म्हणजे एलएस किट, आणि रिव्ह्यू खरं तर याचाच लिहायला बसलो होतो. कल्पना साधी आहे. जीएमच्या एलएस घराण्यातल्या व्ही-८ इंजिनांना प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल, छोट्या वायरने प्लगला जोडलेली, आत स्वतःचा इग्नायटर (करंट चालू-बंद करणारं सर्किट). आरएक्स-८ ची पद्धत सुद्धा तीच, ईसीयूकडून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडून, फक्त एक छोटा सिग्नल येतो, बाकी काम कॉइलमधला इग्नायटर करतो. म्हणून एक ब्रॅकेट, एक जोडणीची हार्नेस आणि योग्य लांबीच्या वायर एवढ्यावर काम होतं, ईसीयूला हात न लावता. या प्रकारात बीएचआरच्या किटचं नाव सगळे घेतात, आता तशीच आणखी किट्स आहेत, आणि ज्याला सोल्डरिंग येतं तो स्वतः पण करू शकतो. एलएसमध्ये सुद्धा प्रकार आहेत, त्यातली डी५८५ म्हणतात ती ट्रकवाली, जिच्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा हीटसिंक असतो, ती घ्या. सिल्व्हराडो, टाहोसारख्या गाड्यांत आलेली आहे, दिवसभर ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकसाठी बनवलेली वस्तू, हिला उष्णतेचं कौतुक नाही.

मिशिगनमध्ये राहण्याचे फायदे फार नाहीत, रस्त्यावरचं मीठ गाड्या खातं आणि थंडी माणसं खाते, पण जीएमच्या घरच्या अंगणात असल्यामुळे जंकयार्डात सिल्व्हराडोंच्या रांगा लागलेल्या असतात. मी कॉइल्स तिथूनच काढल्या, एकाच ट्रकवरच्या, ओरिजिनल लोगोवाल्या, किट कॉइल्सशिवाय मागवलं. नवीन घेत असाल तर डुप्लिकेट मालापासून सांभाळा, डी५८५ ची नक्कल खूप येते, दिसायला सेम, हीटसिंक पण सेम. बाजारभावाच्या निम्म्यात चार मिळत असतील तर ती डुप्लिकेटच समजा. वापरलेली ओरिजिनल आणि नवीन डुप्लिकेट यात मी डोळे मिटून वापरलेली घेईन.

बसवायला एक निवांत शनिवार पुरेसा, गॅरेजमध्ये हीटर असेल तर हिवाळ्यात पण जमतं. कॉइल्सचं काम वरून, पण प्लगला पोचायचं तर गाडी उचलून डावं पुढचं चाक काढावं लागतं, तिथून हात आत घातला की चारही प्लग मिळतात. वायर काढायच्या आधी प्रत्येकीवर टेपचा तुकडा लावून एल१, एल२, टी१, टी२ लिहा. लीडिंग आणि ट्रेलिंगची अदलाबदल झाली तरी गाडी चालू होते, हा त्यातला घातक भाग, फक्त ठिणग्या चुकीच्या वेळी पडत राहतात. प्लगची पण अदलाबदल करू नका, ट्रेलिंगचा वेगळा, लीडिंगचा वेगळा. माझ्या किटमधल्या हार्नेसची ग्राउंडची (अर्थिंगची) वायर अगदीच बारीक होती आणि तिच्या टोकाचा लग नीट दाबलेला नव्हता, विकणाऱ्याचं नाव घेत नाही, मी फक्त ती वायर जाड घेऊन नवीन करून टाकली. हे मात्र कुठलंही किट घ्या तरी तपासा, कॉइल जेवढी मोठी तेवढा करंट जास्त आणि ग्राउंड खराब असेल तर नव्या कॉइल्सवर गाडी जुन्यापेक्षा वाईट चालते, मग लोक कॉइलला शिव्या घालतात. वायर पण साध्या तांब्याच्या सलग तारेच्या नकोत, रेडिओत खरखर तर येतेच पण सेन्सरच्या सिग्नलमध्ये पण गोंधळ होऊ शकतो, स्पायरल गाभ्याच्या सप्रेशनवाल्या घ्या.

चालवताना कसं वाटतं? ओरिजिनल नव्या सेटच्या तुलनेत प्रामाणिकपणे सांगायचं तर पॉवरमध्ये काही नाही. शून्य. डायनो (पॉवर मोजायचं मशीन) सोडून बुडाच्या अंदाजाने पॉवर मोजणारे म्हणतील पिकअप वाढला, वाढत नाही. जे बदललं ते असं की थंडीत सकाळी सुरू होणं जास्त खात्रीचं झालं. रोटरीला गार इंजिन चालू करून दोन मिनिटांत बंद केलं की प्लग पेट्रोलने भिजून गाडी फ्लड व्हायची भीती असते, (झालीच तर ॲक्सिलरेटर तळाला दाबून स्टार्टर मारायचा, पेट्रोल बंद राहतं), ती भीती गेली नाही, कमी झाली. हायवेला गरम करून ट्रॅकवर तासभर बडवली तरी टायमिंग लाइटवर एकही ठिणगी गळत नाही. बायकोचा रिव्ह्यू, 'आता ड्राइव्हवेमध्ये पेट्रोलचा वास येत नाही', तो मला डायनोच्या कागदापेक्षा मोलाचा वाटतो.

ड्वेलबद्दल थोडं. कॉइल किती वेळ चार्ज करायची ते ईसीयू ठरवतो, त्याला ड्वेल म्हणतात, आणि स्टॉक ईसीयूतला ड्वेल स्टॉक कॉइलच्या मापाने लावलेला आहे. मोठी कॉइल भरायला जास्त वेळ लागतो, म्हणून स्टॉक ड्वेलवर एलएस कॉइल पूर्ण भरतच नाही, अर्धी-पाऊण ताकद वापरते. स्टॉक इंजिनला तेवढी पुरते, आणि कॉइल गार राहते म्हणून टिकते पण जास्त, माझ्या मते हाच तिचा खरा फायदा. टर्बो असेल तर ट्यूनरकडून ड्वेल वाढवून घ्या, पण वर सांगितलेले ६.७ मिलिसेकंद विसरू नका, वरच्या आरपीएमला वाढवायला जागाच फार नाही, आणि जास्त भरलेली कॉइल फक्त तापते. मोठ्या टर्बोवाले आयजीएन-१ए नावाची अजून राक्षसी कॉइल लावतात, तिला वेगळा रिले, जाड वायरिंग आणि स्वतःच्या मापाचा ड्वेल लागतो, स्टॉक गाडीवर ती लावणं म्हणजे नुसता शौक.

कॅलिफोर्नियावाल्यांनो, फ्रीमाँट-सनीव्हेलकडे आपली माणसं खूप आहेत म्हणून सांगतो, मिशिगनमध्ये गाडीची तपासणीच होत नाही त्यामुळे मी निवांत आहे, तुमच्याकडे स्मॉग चेकमध्ये बॉनेट उघडून बघतात आणि इग्निशनच्या बदललेल्या भागाला कार्बचा, म्हणजे तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, ईओ (मान्यता) नंबर नसेल तर गाडी नापास. घेण्याआधी विकणाऱ्याला नंबर विचारा, तो गप्प बसला तर ओरिजिनल सी वाली लावा.

भारतातून वाचणाऱ्यांकडे आरएक्स-८ असणं कठीण, पण हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. पुण्यातला माझा मामेभाऊ ऑक्टाव्हिया आरएस चालवतो, २०१७ ला आलेली २३० वाली. फोन आला, "दादा, ऑडी आर८ ची लाल कॉइल्स टाकू का, सगळे टाकतायत." त्याला म्हटलं, "गाडी मिसिंग मारते का?" "नाही." "रिमॅप केलंय का?" "अजून नाही, करणारे." "मग आधी प्लग बदल आणि गप बस." आर८ ची लाल टोपीवाली कॉइल २.० टीएसआयला सरळ बसते, काम पण चांगली करते, पण तिच्यात जादू नाही, ती कंपनीचीच दुसऱ्या गाडीतली कॉइल आहे. जुनी कॉइल्स बदलायची वेळ आलीच आहे आणि किमतीत फार फरक नाही तर लाल घ्या, का नाही. रिमॅप करून, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून, टर्बोचा दाब वाढवला आणि वरच्या आरपीएमला अडखळायला लागली तर आधी प्लगची फट थोडी कमी करून बघा, तो खर्च जवळपास काहीच नाही. पठ्ठ्याने तरी नाना पेठेत जाऊन भाव काढलाच, ओरिजिनलच्या एक तृतीयांश किमतीत लाल कॉइल्सचा सेट मिळत होता म्हणे, खोक्यावर चार गोल पण छापलेले. नशीब फोटो आधी मला पाठवला. खोक्यावरचं स्पेलिंगच चुकलेलं होतं.

तर मार्क: ऑनलाइन स्वस्त सेट शून्य, ओरिजिनल सी वाली दहापैकी आठ, दोन मार्क कापले ते परत परत घ्यावी लागतात म्हणून. एलएस किट साडेआठ, ते सुद्धा ओरिजिनल डी५८५ वर आणि ग्राउंड स्वतः तपासलं असेल तर. अर्धाच मार्क जास्त का, तर जे काम ओरिजिनल पण करते त्यासाठी किटचे काही शे डॉलर आणि एक शनिवार घालवायची सगळ्यांची तयारी नसते, आणि नसली तरी गाडीचं काही बिघडत नाही.

काढलेली ओरिजिनल कॉइल्स, ब्रॅकेट आणि जुनी जोडणी एका खोक्यात घालून वर नाव लिहून ठेवा. पुढे गाडी विकायची झाली आणि घेणारा तपासणीवाल्या राज्यातला निघाला तर सगळं परत बसवून द्यावं लागेल, आणि तो ब्रॅकेट वेगळा शोधायला गेलात तर डीलर सांगेल त्या भावाला घ्यावा लागतो.